दहा घोड्यांची मोटर

कुरखेडा
४ सप्टेंबर

चि. उर्वशी हिस,

चि. लिहिलं, कारण मी मोठी जाऊ आहे आणि पद्धत तशी आहे. त्यातून दुसरा अर्थ काढू नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. निकेशभाऊजींना फोन लावला की "वहिनी, इथी रेंज नाई" म्हणतात आणि कापतात. मोहर्लीला रेंज असते, गटातली करिश्मा तिथं जाऊन आली, तिनं सांगितलं. म्हणून पोस्टाने लिहिते.

हौसेनं लिहीत नाही. ठराव झाला म्हणून लिहिते. रविवारी गटाची सभा झाली. जानेवारीत आपल्या बचत गटाच्या धान भरडायच्या मशीनची मोटर जळली, तेव्हापासून मशीन बारदान्याखाली पडलं आहे. मोटर दुरुस्तीवाल्या गुलाम रसूलभाऊंनी आता जळलेल्या तारा काढून मोटर नव्यानं भरून आणली. म्हणाले, "बाई, मोटर तो बन गई. पन तुमचा मंजूर लोडच कमी आहे. पहले लोड वाढवा. नाई तं पुन्हा जळन, आन मी पुन्हा हात नाई लावनार."

वीज कार्यालयातून अर्ज आणला. त्यात मंजूर भार, मागणी भार असे रकाने आहेत. सगळ्यात खाली मोठा चौकोन आहे, 'भार वाढवण्याचे कारण'. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की लगेच अर्ज द्यायचा आहे. नाही तर यंदाचं धानही दुसऱ्यांच्या मिलमध्ये जाईल, आणि तसं झालं तर गट मोडेल, हे सगळ्या जणी बोलून दाखवतात.

भार किती लिहायचा, मी विचारलं. तर बाराच्या बारा बायका एका सुरात म्हणाल्या, "उर्वशीले विचारा." याच बायका जानेवारीत म्हणत होत्या की उर्वशीनं गट बुडवला. तू भांडून मोहर्लीला निघून गेलीस तेव्हा एकीनं अडवलं नाही. आता आठ महिन्यांत तू पुन्हा शहाणी झालीस. सचिव मी आहे. रजिस्टर माझ्याकडे आहे. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

तर विचारते. किलोवॅट आणि एचपी यांचं काय नातं आहे, एका ओळीत कळव. शिकवू नकोस.

करिश्मा सांगत होती, तू जंगलात वाघ दाखवणारी गाइड झालीस, खाकी शर्ट घालून जिप्सीत पुढं बसतेस आणि पुण्या-मुंबईची माणसं तू बोट दाखवशील तिकडं माना वळवतात. ऐकून बरं वाटलं, असं लिहिणार होते. नाही वाटलं.

तुझी मोठी जाऊ,
अन्नपूर्णा


कुरखेडा
१९ सप्टेंबर

चि. उर्वशी हिस,

तुझं कार्ड मिळालं. "वही आईंजवळ आहे. बाराव्या पानापासून वाचा. सोपं आहे." नमस्कार नाही, खुशाली नाही. आणि ते 'सोपं आहे' नसतं लिहिलंस तरी चाललं असतं.

आईंना विचारलं. त्यांनी आपली लोखंडी पेटी उघडली. लग्नाचा शालू, त्याखाली देवाचा टाक, त्याखाली तुझी वही, रुमालात गुंडाळलेली. माझ्या लग्नाला तेरा वर्षं झाली. त्या पेटीत माझी टाचणीसुद्धा नाही. पोटात असं दुखलं म्हणून सांगू! वही घेताना मी म्हटलं, "एवढी जपून काऊन ठेवली?" तर आपल्या सासूबाई काय म्हणाल्या? "तिनं देल्ली म्हून."

तुला या घरात मी आणलं. वडशाला तुला बघायला मी गेले होते, भाऊजी तर लाजून आलेच नव्हते. तीन मुली पाहून झाल्या होत्या. तू चहा देताना कपबशी वाजली आणि तू स्वतःच हसलीस. मी घरी येऊन सांगितलं, हीच करा. मला सोबत हवी होती. तू आलीस, आणि वर्षभरात सगळ्या घराला तुझीच सोबत हवीशी झाली. यांनासुद्धा. विजेचा मीटर कसा वाचायचा ते तू यांना दाखवलंस, त्या दिवशी हे जेवताना तीनदा म्हणाले, "उर्वशी भल्ली हुशार आहे हो." मी वाढत होते. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी वरण न वाढताच आत गेले. त्यांना कळलंही नाही.

दुपारी गटातल्या बायकांना घेऊन तू ही वही शिकवायचीस, त्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. हसणं तर फारच. मलाही बोलावलंस. मी म्हटलं, कामं आहेत. कामं नव्हती. तूर निवडत बसले होते, तीही निवडलेली.

आता वाचली. चहापत्तीचा शंभर ग्रॅमचा पुडा हातावर ठेवला तर तो जेवढा खाली ओढतो, ते साधारण एक न्यूटन. तो पुडा जमिनीवरून उचलून मीटरभर वर फळीवर ठेवला, की एक ज्यूल काम झालं. आणि दर सेकंदाला एक पुडा असा ठेवत राहिलं तर एक वॅट. मी खरंच पुडा घेऊन बसले. फळीवर ठेवला, काढला, ठेवला. हे म्हणाले, "चहा करून राह्यली का खेळ करून राह्यली?"

मला एकच पटलं नाही. तू लिहितेस, डोक्यावर धानाची बोरी घेऊन माणूस तासभर नुसता उभा राहिला तर त्यानं बोरीवर केलेलं काम शून्य, कारण बोरी हललीच नाही. घाम येतो, मान मोडते, तरी शून्य? मी आईंना वाचून दाखवलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "मंग मी या घरात जनमभर दारात उभी राह्यली, सगळ्याईची वाट पायत, ते बी शून्यच का?" मी वही मिटली. तुला उत्तर आलं असतं. तू काहीतरी बोलून त्यांना हसवलं असतंस.

मग मीही मोजलं. वीस किलोचं टोपलं घेऊन मशीनच्या शिडीवर चढले. धान ओतायचं तोंड दोन मीटरवर आहे. सात सेकंद लागले. दोनशे न्यूटन गुणिले दोन, चारशे ज्यूल. भागिले सात. सत्तावन्न वॅट. जुन्या पिवळ्या दिव्याएवढीसुद्धा मी नाही! चिडून तीनदा चढले, उत्तर तेच.

एचपी आणि किलोवॅटचं पान अजून वाचायचं आहे. वीज जोडणीचा मागचा अर्ज कुणी भरला, कसा भरला, ते आता कुणाच्या लक्षात नाही. ते उकरून काही उपयोगही नाही. पुढचा नीट भरला म्हणजे झालं.

तुझी मोठी जाऊ,
अन्नपूर्णा


कुरखेडा
६ ऑक्टोबर

उर्वशी,

तुझं दुसरं कार्ड. "मागच्या अर्जात अक्षर कुणाचं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे."

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरले. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की कार्ड चुलीत घालायला निघाले. नाही घातलं. मनात तुला उत्तरं दिली, सगळी तिखट, आणि एकही खरं नाही.

तिसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडली. तुझी चूक सापडेल अशी आशा होती, कबूल करते. सतराव्या पानावर गटातल्या बायकांची नावं आहेत आणि पुढं वॅट. कोण शिडीवर किती वेळात चढतं, ते तू कधी मोजलंस गं? रंजीता एकशे चाळीस. करिश्मा एकशे पन्नास. उर्वशी एकशे तीस. आणि शेवटी, तू मला हाक मारतेस तसं, "बाई - २००. सगळ्यांत जास्त."

आधी वाटलं, तुझी बेरीज चुकली. माझे तर सत्तावन्न आले होते. मग खाली बारीक अक्षरात वाचलं, "टोपल्याबरोबर आपलं वजनही आपणच वर नेतो. ते सोडायचं नाही." मी पन्नास किलोची. टोपलं वीस. सातशे न्यूटन, दोन मीटर, सात सेकंद. दोनशे. मी स्वतःला मोजायचंच विसरले होते.

आणि त्याच्याही खाली, "एक घोडा म्हणजे एक एचपी, म्हणजे ७४६ वॅट. बाईंसारख्या चार बायका लागल्या की एक घोडा होतो! बाईंना सांगायला हवं, खूश होतील. पण वही घेऊन गेले की त्या तोंड फिरवतात."

उर्वशी, मी पदर तोंडात धरून रडले. मला तुझा इतका राग होता की तू माझ्याबद्दल चांगलं लिहिलं असेल हे मनातही आलं नव्हतं. दोन वर्षं तू मला मोजत होतीस आणि मीही तुला मोजत होते. मी फक्त तुझ्याकडं किती माणसं जातात ते मोजलं.

आता ऐक. मला आठवत नाही, हे खोटं होतं. सगळं आठवतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुझे बाबा आजारी म्हणून तू वडशाला निघालीस. तेव्हा सचिव तू होतीस. कोऱ्या अर्जावर सही करून माझ्या हातात दिलास, म्हणालीस, "बाई, बाकीचं तुमी भरा. तुमचं अक्षर छान आहे." बरोबर एक चिठ्ठी दिलीस. ती चिठ्ठी माझ्या बांगड्यांच्या डब्यात आहे. या पाकिटात घालते आहे. तुझंच अक्षर आहे. "मोटरच्या पाटीवर ७.५ आहे, ते किलोवॅट. अर्जात एचपी विचारलं आहे. तिथं १० लिहा."

मी वाचली. मग मशीनपाशी जाऊन पाटी पाहिली. पाटीवर साडेसात! मी म्हटलं, डोळ्यांसमोर साडेसात आहे आणि ही दहा कुठून आणते? मोठेपणा मिरवते, दुसरं काय. तुला फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तू समजावून सांगितलं असतंस, आणि मला तेच नको होतं. मी एचपीच्या रकान्यात साडेसात लिहिलं. छान अक्षरात.

त्या साडेसातवरच रसूलभाऊंच्या पोरांनी स्टार्टर आणला, वायर ओढली. मोटर सुरू झाली. दर थोड्या वेळानं स्टार्टर पडायचा, बटण आपोआप सुटून मोटर बंद व्हायची. बाहेर धानाच्या बोऱ्यांची रांग, बायका घाईला आलेल्या. तू तेव्हा बाबांजवळच होतीस. मी करिश्माला म्हटलं, "त्या बटनाले चिंधी बांधून ठेव, पडते कसा ते पायतो." माझ्याच जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली. आठ दिवस मशीन छान चाललं. नवव्या दिवशी धूर.

काल तुझ्या वहीवरून मी करून पाहिलं. दहा घोडे म्हणजे माझ्यासारख्या सदतीस बायका. साडेसात घोडे म्हणजे अठ्ठावीस. मी सदतीस जणींचं काम काढलं, अठ्ठावीस जणींचीच सोय केली, आणि एखादी दमून खाली बसायला गेली तर तिला चिंधीनं बांधून उभी केली. आता समजलं. इतकं सोपं होतं, तू खरंच लिहिलं होतंस.

जानेवारीतली ती सभा. अर्जाची प्रत काढली. कमळाबाईंनी विचारलं, "सही कोनाची?" सगळ्यांनी पाहिलं, सही तुझी. तू माझ्याकडं पाहिलंस. तू बोलली नाहीस, मी बोलेन म्हणून थांबलीस. मी पदराचा काठ नीट करत होते. आणि मग मी एकच वाक्य बोलले. "शिकलेल्या मानसानं तरी पाहून सही कराव."

ते वाक्य बोलताना मला आनंद झाला होता. हे मी देवासमोरही कबूल केलं नाही, तुला लिहिते आहे. सगळ्या बायका तुझ्यावर रागावल्या होत्या आणि मला वर्षात पहिल्यांदा थंड वाटलं. आठवडाभर टिकलं. मग तू सामान बांधलंस, आणि भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला.

हे तुला लिहिलं म्हणजे झालं, असं मी स्वतःला सांगत होते. पण तुला तर हे आधीच ठाऊक होतं. ठाऊक नाही ते त्या बारा जणींना.

अन्नपूर्णा


कुरखेडा
१७ ऑक्टोबर

उर्वशी,

सोमवारी वीज कार्यालयात गेले. मागणी भाराच्या रकान्यात दहा लिहिलं, एचपी विचारलं आहे ना ते तीनदा वाचून. मग कारणाच्या चौकोनाशी पेन थांबला. तिथल्या बाबूनं पाहिलं. भला माणूस. म्हणाला, "व्यवसायवाढ लिहून टाका बाई. सगळे तेच लिहितात."

व्यवसायवाढ. एका शब्दात सुटले असते. कुणी विचारलं नसतं, कुणाला कळलं नसतं. खरं सांगते, 'व्य' लिहिलाही होता. अर्जावर दिसेल तुला, खोडलेला आहे. बाकी अक्षर छान आहे.

मी लिहिलं, "मागील अर्जात किलोवॅटचा आकडा एचपीच्या रकान्यात भरला गेला. तत्कालीन सचिव उर्वशी यांनी बरोबर आकडा लिहून दिला होता. चुकीचा आकडा मी भरला. स्टार्टरचे बटण मी बांधायला लावले." चौकोनात मावलं नाही, समासात गेलं. बाबू म्हणाला, "एवढं कोण वाचतं?" मी म्हटलं, "वाचनारे हायेत."

काल सभा होती. मी उभी राहून कारण वाचून दाखवलं. कागद टेबलावर ठेवून समासातलंही वाचलं. करिश्मा खाली मान घालून बसली, चिंधी तिनं बांधली होती ना. मी म्हटलं, "तुह्या काई दोष नाई, तुले मी सांगतलं." मग रंजीता म्हणाली, "म्हंजे उर्वशीची चूकच नोती? आपुन तिले काय काय बोललो!" कमळाबाईंनी डोळे पुसले. आणि दोन मिनिटांत सगळ्यांचं सुरू झालं. तिले मंडईले बोलवा, तिले फोन लावा, तिच्यासाठी अमुक करू, तमुक करू.

मी तशीच उभी. मला वाटलं होतं, एवढं मोठं कबूल केलं तर शिव्या तरी देतील. ओरडतील. माझ्याकडं बघतील तरी. तर सगळ्या तुझ्याच नावानं गोळा झाल्या! मला इतका जळफळाट झाला की स्वतःचंच हसू आलं. हा माझा स्वभाव, उर्वशी. एका कागदानं तो जाणार नाही. तू परत आलीस की पुन्हा भिंतीपलीकडून हसणं येईल आणि पुन्हा माझ्या पोटात दुखेल. एवढं मात्र करीन, उठून पलीकडं येईन.

घरी आले. आईंना सगळं आधीच कळलं होतं, गावात काय लपतं? पेटी उघडून बसल्या होत्या. मी वही परत दिली. त्यांनी हात पुढं केला तसाच ठेवला. "तुह्या कागद बी दे," म्हणाल्या. मी हिशेब केलेला तो कागद, सत्तावन्न खोडून दोनशे लिहिलेला. मी म्हटलं, त्याचं काय करता? "ठेवतो," म्हणाल्या. वहीत घातला, रुमालात बांधला, शालूखाली ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली, घासलेली.

आता कामाचं. वीज जोडणी तुझ्या सहीवर आहे, म्हणून भार वाढवायलाही तुझीच सही लागते. हे मला पहिल्या पत्राच्या आधीच ठाऊक होतं. लिहिलं नाही, कारण मला तुझी गरज आहे हे लिहायचं नव्हतं. अर्ज पोस्टानं पाठवता येतो, बाबू म्हणाला. मी पाठवत नाही. तो माझ्या बांगड्यांच्या डब्यात आहे, चिठ्ठी होती त्याच जागी.

आपल्या गावची मंडई पंचवीस तारखेला आहे. तुझ्या वाघांना दोन दिवस कळ काढायला सांग. भाऊजींना घेऊन ये. मोठ्या खोलीत तुमचं अंथरूण घालते. सगळ्या जणी तुला बस थांब्यावर घ्यायला येणार आहेत. मी येणार नाही, मला ते बघवणार नाही. मी घरी असेन, चहा ठेवून.

सही करायला ये. यंदा अर्ज कोरा नाही. आधी सगळा वाच, मग सही कर.

तुझी,
बाई